वाचकांचे प्रश्न : अंदमानातला लष्करी ट्रक नाशिकला आणावा का?

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. धाकटा भाऊ कामानिमित्त पोर्ट ब्लेअरला असतो. तिथे लष्कराच्या डिस्पोजलचे दोन ट्रक लिलावात निघालेत. नंबरप्लेटवर बाणानंतर एकाला ०८ आणि दुसऱ्याला १४ असे आकडे आहेत. भाऊ म्हणतो, आपल्याकडच्या निम्म्या भावात पडेल. बोटीने चेन्नईला उतरवून ड्रायव्हर पाठवायचा आणि चालवत आणायचा, असा बेत आहे. कस्टम ड्युटी लागेल का? आरटीओत पासिंग होईल का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : कस्टम ड्युटीची धास्ती सोडा. अंदमान भारतातच आहे, त्यामुळे ही आयात होत नाही. देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेताना १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे किनारी मालाचे बिल दाखल करावे लागते. ते काम क्लिअरिंग एजंट करतो आणि त्यावर शुल्क नसते. अडचण येईल ती नाशिकच्या पेठ रोडला, आरटीओत.

तुम्ही नंबरप्लेटचे आकडे कळवलेत हे फार बरे केले. लष्करी क्रमांकात बाणानंतरचे दोन आकडे गाडी लष्करात दाखल झाल्याचे वर्ष सांगतात. म्हणजे पहिला ट्रक २००८ चा. सरकारी मालकीच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तिची विल्हेवाट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रामार्फतच लावायची, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. चिलखती आणि तत्सम खास गाड्यांना त्यातून सूट आहे. पण साध्या माल वाहणाऱ्या ट्रकला ती मिळेल या भरवशावर पैसे गुंतवू नका. इंजिन कितीही ठणठणीत असले तरी या ट्रकचा विचार मनातून काढून टाका. कोणी एजंट ‘कागद करून देतो’ म्हणाला तर त्याच्याशी पुढे बोलूच नका.

राहिला २०१४ चा. लष्कराच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कराकडेच असते, राज्याच्या आरटीओकडे नसते. गाडी संरक्षणाच्या कामातून बाहेर पडली की तिला इतरांसारखीच नोंदणी लागते. त्यासाठी फॉर्म २० च्या अर्जासोबत लष्करी अधिकाऱ्याने दिलेले मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, जोडावे लागते. म्हणून बोली लावण्याआधी भावाला लिलावाचा कॅटलॉग नीट वाचायला सांगा. लॉटसमोर ‘स्क्रॅप’ लिहिले आहे की वापरायोग्य वाहन? फॉर्म २१ मिळणार, असे अटींत स्पष्ट आहे का? नसेल तर तुम्ही ट्रक नाही, लोखंड विकत घेत आहात.

एवढ्यावर भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे बीएस-३ गाड्यांची विक्री आणि नोंदणी १ एप्रिल २०१७ पासून थांबली, बीएस-४ ची २०२० पासून. तुमचा ट्रक नवा नाही हे खरे, पण त्याची नागरी नोंदणी पहिलीच असेल. म्हणून चॅसिस क्रमांक, उत्पादनवर्ष आणि इंजिन कोणत्या मानकाचे ते लिहून आरटीओत अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. खिडकीवरच्या माणसाने मान डोलावली, हे उत्तर होत नाही. लिलाव ‘जसे आहे, जिथे आहे’ तत्त्वावर असतो; नंतर पासिंग झाले नाही म्हणून कोणी पैसे परत देत नाही. बोली जिंकून मुदतीत रक्कम भरली नाही तर बयाणा जातो, आणि उचलायला उशीर झाला तर जागाभाडे चढते. बोटीची तारीख हातात नसताना बोली लावणे म्हणूनच जोखमीचे.

जीएसटीचेही आधीच ठरवून घ्या. तुमच्या नावावर जीएसटी नोंदणी असेल तर केंद्र सरकारकडून घेतलेल्या जुन्या वाहनावरचा कर तुम्हाला स्वतः भरावा लागतो, विक्रेता तो बिलात लावत नाही.

आता बोटीचे. जहाजाचे भाडे साधारणपणे वजन किंवा घनमाप, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारतात, आणि ट्रक मापात भारी पडतो. समजा तो ७ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि ताडपत्रीच्या कमानींसह ३ मीटर उंच आहे. हे झाले साडेबावन्न घनमीटर. कमानी खोलून हौद्यात आडव्या ठेवल्या आणि उंची अडीच मीटरवर आली, तर माप पावणेचव्वेचाळीस होते. पान्याच्या अर्ध्या दिवसाच्या कामाने जवळजवळ नऊ घनमीटरचे भाडे वाचते. टाकीतले डिझेल काढणे आणि बॅटरीच्या तारा सोडवणे याबद्दल बोटवाले सांगतीलच.

ट्रक बहुधा डेकवर चढेल, आणि इथे माणसे फसतात. समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, तरी डेकवर नेण्याचे बिल ऑफ लेडिंगमध्ये लिहून प्रत्यक्ष डेकवर नेलेला माल त्याच्या संरक्षणाबाहेरच आहे. मग नुकसानीची जबाबदारी बोटवाल्याने करारात जेवढी मान्य केली तेवढीच. मरिन विमा घ्या आणि प्रस्तावात ‘डेकवरील माल’ असे आवर्जून लिहा. ट्रक उतरताना दोरखंडाने दार चेपले, काच फुटली, तर ताबा घेण्याआधी फोटो काढा आणि तक्रार लेखी द्या. नंतर दिलेली तक्रार सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

चेन्नई ते नाशिक साधारण तेराशे किलोमीटर. नोंदणीशिवाय ट्रक रस्त्यावर आणणे गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड. चालवतच आणायचा तर कलम ४३ ची तात्पुरती नोंदणी आणि विमा हवा. मला लोबेड ट्रेलरचा मार्ग बरा वाटतो. किंमत पन्नास हजारांवर गेली की ई-वे बिल लागते. नेहमी त्यावर दिवसाला २०० किलोमीटर धरतात. प्रवासाचा एखादा टप्पा जहाजाचा असेल तर दिवसाला फक्त २०. त्यामुळे मुदत भरपूर मिळते. मात्र पोर्ट ब्लेअरला, म्हणजे कागदोपत्री आताच्या श्री विजयपुरमला, बिल काढताना वाहतुकीचा प्रकार बरोबर निवडायला हवा.

आता बेरीज करा : बोली, कर, दोन्हीकडची क्रेन, जहाजभाडे, विमा, बंदराचे आकार, लोबेड आणि टायर. भाऊ म्हणतो तो निम्मा भाव यात कुठल्या कुठे जातो. वर बागेच्या मालासाठी वापरायचा ट्रक म्हटल्यावर फिटनेस आणि परमिटही आले. माझा सल्ला स्पष्ट आहे : अंदमानातून आणू नका. मुख्य भूमीवरच्या लष्करी डेपोंतले लॉटही एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या पोर्टलवर निघतात. तिथे फॉर्म २१ देणारा लॉट शोधा आणि समोर इंजिन सुरू करून पाहता येईल असाच घ्या.

प्रश्न : डिस्पोजलची जीप घेतली आहे. तिचा लष्करी हिरवा रंग तसाच ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना वापरता येतो. पासिंगला नेण्याआधी रंग बदला, आणि नवा रंगच आरसीवर नोंदवून घ्या.