ग्रहण बघायला काय घ्यायचं?

मैत्रिणींनो, 2022 च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळता मावळता ग्रहण लागलं होतं. आमच्या गल्लीतली पोरं जुनी एक्स-रेची फिल्म डोळ्यापुढे धरून बघत होती. त्यात माझ्या जावेचा मुलगाही होता. तेव्हा काहीच दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणतो कसा, "काकू, पुस्तकात बघतो तिथंच मधोमध डाग दिसतो." काही महिन्यांनी तो डाग फिका झाला, पण पुरता गेला नाही.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, सीडी यांतून सूर्य मंद दिसतो खरा, पण न दिसणारे उष्ण किरण आत जातातच. उलट डोळे दिपत नाहीत म्हणून आपण जास्त वेळ बघत राहतो. परातीतल्या हळदीच्या पाण्यात बघायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण तीही नकोच.

पुढचं ग्रहण 2 ऑगस्ट 2027, सोमवारी, दुपारनंतर आहे. महाराष्ट्रात ते खंडग्रास दिसेल. गटातून चष्मे आणायचे ठरले तर त्यावर आयएसओ 12312-2 छापलेलं आहे का ते बघा. नुसत्या छापावर मात्र जाऊ नका, छापायला काय लागतं! चष्मा घालून घरातल्या भांड्यांकडे, खिडकीकडे बघा. काहीच दिसता कामा नये. बाहेर फक्त सूर्य दिसला पाहिजे. ओरखडा किंवा बारीक भोक असेल तर तो चष्मा फेकून द्या. चष्मा लावून दुर्बिणीतून तर कधीच बघू नये. वेल्डिंगची काच आणणार असाल तर 14 नंबरचीच मागा. वर्कशॉपमध्ये बहुतेक कमी नंबरची असते, ती चालत नाही.

पण पोरं पन्नास आणि चष्मे पाच, असं झालं की ओढाओढी होते आणि कुणीतरी उघड्या डोळ्यांनी बघतंच. त्यासाठी आरशाची युक्ती चांगली. हातातल्या छोट्या आरशावर कागद चिकटवा आणि कागदाला वाटाण्याएवढं भोक ठेवा. आरसा उन्हात धरून उजेड समाजमंदिरातल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. भिंत दहा मीटरवर असेल तर सूर्याचं चित्र साधारण 9 सेंटिमीटरचं येतं, कडेचा घास घेतलेलं. सगळ्यांना एकदम दिसतं. आरशात मात्र कुणी डोकवायचं नाही आणि तो कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही. आरसा पोराच्या हातात न देता एका बाईनेच धरावा.

आरसा नसेल तर गहू चाळायची मोठ्या भोकांची चाळण उन्हात धरा. जमिनीवर भोकागणिक एकेक चंद्रकोर उमटते. त्या वेळी पाठ सूर्याकडे, नजर खाली.

ऑगस्ट म्हणजे ढग आलेच. ढगाआड सूर्य फिकट दिसतो आणि "आता काय होतंय" म्हणून चष्मा काढला जातो. ढग सरकतो तेव्हा डोळे तिथंच असतात.