रात्री दोनचं विमान, घरातून कधी निघायचं?

प्रश्न : आम्ही दोघं मुलाकडे दुबईला निघालोय. विमान मुंबईहून, १५ तारखेला रात्री २.१० वाजता. मुलगा म्हणतो पाच तास आधी पोहोचा, शेजारी म्हणतात दोन पुरेत. साताऱ्याहून गाडीने येणार आहोत.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी तारीख नीट बघा. १५ तारखेला रात्री २.१० म्हणजे घर १४ तारखेलाच सोडायचं. तिकीट हातात असूनही विमान चुकतं ते बरेचदा इथेच.

रात्री अकराला टर्मिनल २ च्या दारात असा. पाच तास आधी जाऊन उपयोग नाही. काउंटर बहुधा तीन तास आधीच उघडतो, तोवर ट्रॉलीला टेकून बसायचं. दोन तास मात्र कमीच. सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद होतो, मग कितीही गयावया करा, बॅग घेत नाहीत. शिवाय मध्यरात्री परदेशची विमानं एकापाठोपाठ सुटतात, त्यामुळे इमिग्रेशनची रांग तेव्हाच लांबते. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवू नका. बॅग उघडायला बोलावलं, की गेली वीस मिनिटं.

पण तुमचा खरा धोका विमानतळावर नाही, रस्त्यावर आहे. खंबाटकी, मग पुण्याचा नवले पूल, पुढे खंडाळ्याचा घाट. यातलं एक तरी अडतंच. दुपारी तीनला निघा, म्हणजे ऑफिसं सुटायच्या आत नवले पूल मागे पडेल. वेळ उरलाच तर पनवेलला निवांत जेवा.