जुन्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल : स्टब एक्सल व इतर सुटे भाग कसे जुळवावेत?



हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या ऊसपट्ट्यात तीस-चाळीस वर्षांचे जुने ट्रॅक्टर आजही कामावर दिसतात. उन्हाळ्यात नांगरट, पावसाळ्यात आंतरमशागत आणि गळीत हंगामात ऊस वाहतूक अशी तिन्ही कामे ते करतात. इंजिनाकडे आपण लक्ष देतो. परंतु पुढच्या एक्सलकडे चाक डुगडुगू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. मग मिळेल त्या ट्रॅक्टरचा स्टब एक्सल आणून बसवला जातो.

आमच्या घरीही असेच झाले. डावा स्टब एक्सल झिजला म्हणून दुसऱ्या मॉडेलचा आणला. चाक बसले आणि फिरलेही. मात्र बेअरिंगची आतली कडी जागेवर सैल होती. तेथे पंचाचे ठोके मारून ती घट्ट करण्यात आली. महिन्याभरात कडी एक्सलवर फिरू लागली, जागा खाल्ली गेली आणि ऊस खाली करून परत येताना चाक निखळले. ट्रॉली रिकामी होती व वेग कमी होता, म्हणून भाऊ वाचला. हा लेख लिहिण्याचे कारण हेच आहे.

भाग का जुळत नाहीत?

आपल्याकडील जुने ट्रॅक्टर वेगवेगळ्या देशांच्या रचनेवर बनलेले आहेत. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली व त्यातून बी-२७५ हे मॉडेल आले. टॅफे कंपनी १९६० साली मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने सुरू झाली. या दोन्ही रचना मूळच्या इंग्लंडमधील असल्याने त्यांचे आटे इंची मापाचे आहेत. एच.एम.टी.ने १९७१ पासून पिंजोर येथे बनवलेला झेटर २५११ हा चेकोस्लोव्हाकियाच्या रचनेचा, म्हणून मिलिमीटर मापाचा. पिंजोरचा हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मान्यता दिली. त्यामुळे या ट्रॅक्टरच्या मालकांनी भाग घेताना अधिक दक्ष राहावे.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. या छिद्रात १२ मि.मी.चा बोल्ट सहज जातो, पण ०.७ मि.मी. खेळ राहतो. रोजच्या धक्क्यांनी छिद्र लांबट होते. तसेच १२ मि.मी.च्या बोल्टवर अर्ध्या इंचाचा नट सैल बसतो व आटे जातात.

प्रथम दोष ओळखा

मागील चाकांना उटी लावावी. एक्सल जॅकने उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळा द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नये. चाक वर-खाली धरून हलवावे आणि दुसऱ्या माणसाने आतून पाहावे.

१) चाक व हब हलतात, पण स्टब एक्सल स्थिर आहे : दोष बेअरिंगमध्ये.
२) चाकासोबत स्टब एक्सलही हलतो : किंग पिन अथवा बुश झिजले आहेत.
३) चाक डावी-उजवीकडे हलवताना टाय रॉडच्या सांध्यात खेळ दिसतो : टाय रॉड एंड बदलावा.

खरेदीपूर्वी घ्यावयाची मापे

जुना भाग रॉकेलने धुऊन सोबत न्यावा व व्हर्निअरने पुढील मापे ताडून पाहावीत.

१) आतील व बाहेरील दोन्ही बेअरिंगच्या जागांचा व्यास.
२) दोन्ही बेअरिंगच्या जागांमधील अंतर आणि ऑइल सीलच्या जागेचा व्यास.
३) उभ्या पिनची जाडी व लांबी.
४) स्टिअरिंग आर्म बसण्याची चावीची खाच किंवा दाते.
५) आर्ममधील निमुळत्या छिद्राचे माप. टाय रॉड एंड त्यात पूर्ण टेकला पाहिजे.
६) टोकाचे आटे आणि फाळ पिनचे छिद्र.

बेअरिंगची कडी व वाटी एकाच क्रमांकाच्या जोडीने घ्यावी. आपल्या हुपरीत पैंजणाची जोड जुळल्याशिवाय कारागीर माल हातावेगळा करत नाही. हाच नियम येथे पाळावा.

वेल्डिंग करू नये

स्टब एक्सल उष्णताप्रक्रिया केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगने भरून लेथवर कातल्यास तो दिसायला नवा होतो, परंतु तापलेल्या जागी ठिसूळपणा येऊन तडा जातो. जुना भाग घेताना तो रॉकेलमध्ये भिजवून कोरडा पुसावा व खडूची पूड लावावी. तडा असल्यास आतले रॉकेल बाहेर येऊन ओली रेघ दिसते. जाड भाग जेथे बारीक होतो त्या खांद्याजवळ विशेष पाहावे.

जोडणी

नवीन बुश दाबून बसवल्यावर आतून थोडे आवळते. म्हणून पिनच्या मापाने रीमर फिरवावा. बुशचे छिद्र ग्रीस निपलसमोर यावे. हबचा नट चाक फिरवत जड होईपर्यंत आवळावा, नंतर जवळच्या खाचेपर्यंत सैल करून नवी फाळ पिन घालावी. चाक मोकळे फिरावे, पण हलू नये.

चाकांचे अंतर व रोख

उसाच्या सरीचे अंतर १३५ सें.मी. असेल व ट्रॅक्टर एका ओळीवरून चालवायचा असेल, तर चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतरही १३५ सें.मी. ठेवावे. दोन्ही बाजूंना सारखेच छिद्र घ्यावे व टाय रॉडही त्या प्रमाणात वाढवावा.

त्यानंतर रोख तपासावा. सपाट जागी चाके सरळ ठेवून हबच्या उंचीवर, पुढच्या बाजूस दोन्ही रिमच्या आतील कडांवर खडूने खुणा कराव्यात व अंतर मोजावे. ट्रॅक्टर पुढे ढकलून चाक अर्धा फेरा फिरवावे आणि मागे आलेल्या त्याच खुणांमधील अंतर मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवे. नेमके माप मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. रोख चुकल्यास टायर एका बाजूने झिजतात.

चिखलातील कामानंतर त्याच दिवशी ग्रीस भरावे. चाक उचलून भरल्यास ते भार घेणाऱ्या बेअरिंगपर्यंत पोहोचते.

बंधूंनो, गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस या तपासणीसाठी राखून ठेवा. भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढण्यापूर्वी पुढची दोन्ही चाके हाताने हलवून पाहा. खेळ आढळल्यास त्या दिवशी ऊस थांबला तरी चालेल, ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका.