आधी नाव, मग पिन

भोपाळच्या पूर्वेला रायसेन रस्त्यावर वसलेल्या आमच्या आनंद नगरात बाहेरचे खाणे आणि मोबाइल ही जोडी आता सुटत नाही. एकीकडे पिपलानी आणि भेलची वसाहत, दुसरीकडे रस्त्याच्या कडेने लागलेली इंजिनिअरिंग कॉलेजे. त्यामुळे सकाळच्या पोहे-जिलबीपासून रात्रीच्या पार्सलपर्यंत गिऱ्हाईक हटत नाही. मराठी घरेही भोपाळात पुष्कळ. 1956 मध्ये राजधानी इथे आली तेव्हा नागपूरहून बदलून आलेल्यांची काही, नंतर भेलच्या नोकरीसाठी आलेल्यांची काही. आता त्यांतल्या अनेक घरांत म्हातारे आईवडील इथे आणि मुले पुण्या-बेंगळुरूला. मुलगा पुण्यातून जेवण मागवतो, दार इथे आई उघडते. या सोयीला माझा विरोध नाही. पण शहरातला हा रोजचा व्यवहार पाहून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. पैसे कुणाच्या खात्यात जाणार आणि फोनवर कोण बोलते आहे, हे दुसऱ्या वाटेने पडताळल्याशिवाय पिन टाकू नये. पोटात भूक असते, मागे रांग असते, रक्कमही किरकोळ असते, आणि नेमकी हीच पडताळणी आपण गाळतो.

सुरुवात क्यूआर कोडपासून करू. 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार झाला. तो यंत्राने वाचायचा, माणसाच्या डोळ्याने नव्हे. म्हणून पोहेवाल्याच्या गाडीवरचा कोड त्याचाच आहे की रातोरात त्यावर दुसरा चिकटवला आहे, हे नुसते पाहून कुणालाच सांगता येणार नाही. ही केवळ शंका नाही. आपल्याच मध्य प्रदेशात, खजुराहोमध्ये, जानेवारी 2025 मध्ये अनेक दुकानांबाहेरचे कोड एका रात्रीत असे बदलले गेले. गिऱ्हाइकांनी पैसे दिले ते भलत्याच खात्यात, आणि उलगडा झाला तो मोबाइलवर वेगळे नाव दिसल्यामुळे. म्हणजे सगळ्या व्यवहारात माणसाला वाचता येणारी एकच खूण होती, ती नाव. मात्र गाडीवर पाटी एका नावाची आणि खाते घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या नावाचे, हे प्रामाणिक दुकानदाराकडेही सर्रास असते. तेव्हा नाव जुळत नाही म्हणून लगेच संशय घेऊ नये. ‘भैया, कोणाचं नाव येतं?’ एवढे विचारावे. त्याच्या साउंडबॉक्सने रक्कम सांगेपर्यंत थांबावे. या एका प्रश्नाने आपले पैसे वाचतात आणि त्याची दिवसभराची कमाईही वाचते.

याहून मोठा धोका ‘कस्टमर केअर’च्या नंबरात आहे. जेवण आले नाही, चुकीचे आले, पैसे कापले गेले, की माणूस चिडतो आणि शोधयंत्रात नंबर शोधतो. नकाशांवर दुकानाचा फोन नंबर बदलण्याची सूचना कुणीही पाठवू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. 2018 मध्ये एका बँकेच्या शाखांचे नंबर नकाशावर असेच बदलल्याचे महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांच्या लक्षात आले होते. नामांकित हॉटेलच्या नावाने एका थाळीवर दुसरी फुकट देण्याच्या जाहिराती टाकून फसवल्याच्या तक्रारी दिल्ली-मुंबईत झाल्या, त्यांची रीतही याच्या जवळची. नंबर आपणच शोधलेला असतो, फोन आपणच केलेला असतो, म्हणून समोरच्यावर विश्वास बसतो. मग तो आपली स्क्रीन त्याला दाखवणारे ॲप उतरवायला सांगतो, किंवा परतावा मिळावा म्हणून पिन टाकायला लावतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे.

यावर काही जण म्हणतील, व्यवस्था सुधारते आहे, आपण कशाला धास्ती घ्यावी? सुधारते आहे, हे खरे. खातेदाराचे बँकेत नोंदलेले नावच ॲपवर दाखवण्याचा नियम 2025 मध्ये आला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची सोयही बंद झाली. पण खरे नाव दाखवले तरी ते वाचायचे आपणच. दुसरा आक्षेप असा, की चाळीस रुपयांच्या पोह्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? तर धोका चाळीस रुपयांचा नसतो; स्क्रीन दुसऱ्याच्या हाती गेली की सगळे खाते उघडे पडते. तिसरा दिलासा बँकेचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात वाटणी स्पष्ट आहे: बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार नाही, पण गुप्त माहिती त्यानेच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. पिन आपल्याच बोटांनी टाकलेला असेल, तर हा दिलासा फार पुरत नाही.

म्हणून माझे सांगणे असे. तक्रार ॲपमधूनच करावी. हॉटेलचा नंबर हवा तर त्याच्या छापील बिलावरून घ्यावा. मुलांनी परगावाहून जेवण मागवले, तर आईवडिलांना आधी कळवावे की पैसे दिले आहेत, कुणी फोनवर काही मागितले तर ठेवून द्या. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ते गोठवता येतात. सेवेबद्दलची साधी तक्रार असेल, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. हे दोन्ही क्रमांक आज फोनमध्ये साठवून ठेवा आणि आईवडिलांच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः घाला. गरज पडेल त्या क्षणी ते शोधायला गेलात, तर पुन्हा तोच खोटा नंबर पुढे येईल.