एका पायावर उभं राहण्याचं गणित

फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम काढून काढून आपण सगळेच वैतागलो होतो. भिंतीला टेकलेली शिडी, उतारावरचा ठोकळा, फार तर एखादी क्रेन. माणसाचा डायग्राम मात्र कुणी काढायला सांगितला नाही. तो आज काढू या. माणूस ६० किलोचा आहे आणि त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला आहे.

असा माणूस आपल्या बीड जिल्ह्यात शोधायला लांब जावं लागत नाही. मोटारसायकलचे अपघात, मळणीयंत्र आणि मधुमेहातून होणारं गँगरीन ही नेहमीची कारणं. दसरा-दिवाळीनंतर इथून ज्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, त्यांच्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात आणि मुकादमाकडून उचल त्या कोयत्यावर मिळते. एकाचा पाय गेला की उरतो अर्धा कोयता. घेतलेली उचल मात्र पूर्णच फेडायची असते. म्हणून पुन्हा चालता येणं हा इथे हौसेचा विषय नाही.

कृत्रिम पाय मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असं बहुतेकांना वाटतं. पुण्याचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालापासून आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 'जयपूर फूट' तयार केला. रबराचा हा पाऊल घालून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं. त्याची नळी तर चक्क एचडीपीईच्या पाईपची करतात, म्हणजे आपल्याकडे पाणी आणायला शेतात अंथरतात त्याच जातीच्या प्लॅस्टिकची! पाईप गरम करून पायाच्या साच्यावर चढवतात. उत्तम इंजिनिअरिंग आहे. पण पाय शिबिरात एका दिवसात बसतो, चालणं एका दिवसात येत नाही. शिकवणारं कुणी नसलं की तो पाय घरात खुंटीला टांगलेला राहतो.

आता गणित. एका पायावर उभं राहिलं की खुब्याचा सांधा हा फलक्रम. त्या पायाचं वजन सोडून वरचं साधारण ५० किलो शरीर सांध्यापासून १० सेंमी आतल्या बाजूला खाली ओढतं. मोमेंट झाला ५०० किलो-सेंमी. त्याला तोलून धरणारा कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू सांध्यापासून जेमतेम ५ सेंमीवर असतो. म्हणजे त्याला १०० किलोचा जोर लावावा लागतो आणि सांध्यावर एकूण १५० किलो येतात. आकडे ढोबळ आहेत, पण आपण प्रत्येक पावलाला हे करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. हा स्नायू कमजोर असला की कंबर दुसऱ्या बाजूला लचकते किंवा माणूस अख्खं धड कृत्रिम पायाकडे झुकवून चालतो. लोक म्हणतात पाय नीट बसला नाही. कधी कधी ते खरंही असतं, पण पुष्कळदा दुखणं कंबरेत असतं.

शिवाय पोटरी गेली, म्हणजे पाऊल मागे रेटणारी मोटरच गेली. तळव्याची संवेदना गेली, म्हणजे सेन्सर गेले. जमीन कशी आहे हे डोळ्यांनी पाहावं लागतं, म्हणून लाईट गेल्यावर जास्त धडपड होते. गुडघ्याखालचा भाग शरीराच्या सुमारे ६ टक्के असतो, तो वजा झाल्याने गुरुत्वमध्यही थोडा चांगल्या पायाकडे सरकतो. या सगळ्याची भरपाई पोट, पाठ आणि कुल्हे यांच्या मधल्या पट्ट्याने करायची. यालाच हल्ली जिममध्ये 'कोअर' म्हणतात, पण तिथे तो फक्त सिक्स पॅकसाठी आठवतो. तेवढंच अंतर चालायला अपघातात पाय गेलेल्याला साधारण २५ टक्के जास्त शक्ती लागते. रक्तपुरवठ्याच्या आजारात पाय गेलेल्याला ४० टक्क्यांपर्यंत.

तयारी पाय मिळण्याआधीच सुरू करावी लागते. सगळ्यात पहिली गोष्ट, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही. उलट रोज थोडा वेळ पालथं झोपायचं. जखम पूर्ण भरली की फिजिओथेरपिस्टला विचारून व्यायाम: पाठीवर झोपून कापलेल्या पायाच्या मांडीखाली गोधडीची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबत कंबर उचलायची आणि श्वास रोखायचा नाही. कुशीवर झोपून तो पाय सरळ वर उचलायचा. वरच्या गणितातला १०० किलोवाला स्नायू हाच. नवीन पाय घातल्यावर ओट्याला धरून दोन वजनकाट्यांवर एकेक पाय ठेवून उभं राहायचं. सुरुवातीला जवळजवळ सगळं वजन चांगल्या पायावर दिसतं. दोन्ही काटे सारखे येईपर्यंत चालायची घाई करू नये, असं माझं मत. काटा खोटं बोलत नाही.

चालताना बहुतेक जण कृत्रिम पायावरून घाईने उतरतात, त्यामुळे चांगल्या पायाचं पाऊल आखूड पडतं. 'लंगडतोय' असं आपल्याला दिसतं ते बरंचसं हेच. मुंबईच्या सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला आणि जयपूर फूटवर त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. १९८६ चा 'नाचे मयूरी' त्यांच्यावरच आहे. सिनेमात वर्षांची मेहनत एका गाण्यात संपते, एवढीच माझी तक्रार.

काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. पुष्कळ जण उलटी धरतात. कृत्रिम पायाच्या खुब्यापासून ती ४० सेंमी लांब पडली आणि तिच्यावर नुसता ५ किलोचा भार दिला, तरी २०० किलो-सेंमी वजा होतात. स्नायूला १०० ऐवजी ६० किलोच जोर लावावा लागतो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. एसटीची पहिली पायरी बरीच उंच असते, त्यामुळे मागच्या माणसाने ढकलू नये आणि दोन्ही पाय आत आल्याशिवाय कंडक्टरने डबल बेल देऊ नये.