डॉट-एसओ द्यायची की नाही: आधी खर्च बघा

सी किंवा सी++मध्ये लायब्ररी लिहून झाली की नुसती डॉट-ए (स्टॅटिक) द्यावी की डॉट-एसओही (शेअर्ड), हे ठरवावं लागतं. बरेच जण फारसा विचार न करता दोन्ही देतात. डॉट-एसओ बांधायला जवळपास काहीच लागत नाही, ती पुढे वर्षानुवर्षं सांभाळायला लागतं. तेवढी तयारी असेल तरच द्या.

किरकोळ खर्च आधी. कोड ‘-एफपिक’ लावून कंपाइल करावा लागतो. 32-बिट इंटेलवर त्यापायी एक रजिस्टर अडकायचं, आणि तिथे रजिस्टरंच मोजकी. 64-बिटवर हा भुर्दंड बहुतेक संपला. प्रोग्रॅम सुरू होताना सिम्बॉल जुळवायला थोडा वेळ जातो. दिवसभर चालणाऱ्या सर्व्हरला तो जाणवत नाही, स्क्रिप्टमधून सतत उठणाऱ्या छोट्या कमांडला जाणवू शकतो.

खरा खर्च एबीआयचा, म्हणजे आधीच कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमशी लायब्ररीची जुळणी टिकवण्याचा. समजा, तुमच्या हेडरमधल्या स्ट्रक्टमध्ये चार-चार बाइटचे दोन इंट आहेत. दुसरा चौथ्या ऑफसेटला बसतो. पुढच्या आवृत्तीत तुम्ही मधे आणखी एक इंट घातलात, की तो आठव्याला सरकतो. तुमच्याकडे सगळं नव्याने कंपाइल होतं, चाचण्याही पास होतात. पण ज्याने फक्त डॉट-एसओ बदलली, त्याचा जुना प्रोग्रॅम चौथ्या ऑफसेटवरच वाचत राहतो. एरर येत नाही, उत्तरं चुकतात. म्हणून स्ट्रक्टचा तपशील हेडरमध्ये उघडा करू नका, फक्त पॉइंटर द्या. जुळणी मोडलीच तर एसओनेम बदला, म्हणजे डॉट-एसओ-डॉट-1 ची डॉट-एसओ-डॉट-2 करा. सी++मध्ये हे सगळं आणखी जिकिरीचं: जीसीसी 5 ने 2015 मध्ये स्टँडर्ड लायब्ररीतल्या स्ट्रिंगची रचना बदलली, तेव्हा डेबियनला ढीगभर पॅकेजेस पुन्हा बिल्ड करावी लागली.

मग हा खर्च करायचा कधी? तुमची लायब्ररी इतरांचे अनेक प्रोग्रॅम वापरणार असतील आणि बाहेरून आलेला डेटा तिच्यातून जाणार असेल, तर जरूर करा. 2002 मध्ये झेडलिबमध्ये तीच मेमरी दोनदा मोकळी करणारा दोष सापडला. शेअर्ड प्रत वापरणाऱ्यांना ती एक फाइल बदलून प्रोग्रॅम रीस्टार्ट करणं पुरलं. ज्या प्रोग्रॅमांच्या पोटात झेडलिबचा कोडच होता, ते एकेक हुडकून पुन्हा बांधावे लागले. प्लगइन लोड करायची असतील तर डॉट-एसओशिवाय इलाज नाही. लायब्ररी एलजीपीएल 2.1 खाली असेल तर तुमच्या ग्राहकाचाही विचार करा: बंद सोर्सच्या प्रोग्रॅममध्ये ती स्टॅटिक लिंक केली, तर पुन्हा लिंक करता येईल अशा ऑब्जेक्ट फाइल त्याला पुरवाव्या लागतात.

वापरणारा एकच प्रोग्रॅम असेल किंवा एपीआय अजून दर महिन्याला बदलत असेल, तर डॉट-ए पुरे. मेमरी वाचेल म्हणून तिथे शेअर्ड करू नका. एकाच प्रोग्रॅमच्या दहा प्रोसेस चालल्या तरी कर्नल त्यांचा कोड मेमरीत एकदाच ठेवतो.

द्यायचं ठरलंच, तर ‘-एफव्हिजिबिलिटी=हिडन’ लावून मोजकीच फंक्शनं बाहेर दाखवा आणि प्रत्येक रिलीजआधी जुन्या-नव्या फाइलवर ‘एबीआयडिफ’ चालवा.