‘फिजिशियन असिस्टंट’ : एका प्रवेश-अर्जाचा अभ्यास

‘पी. ए.’ ही दोन अक्षरे कानांवर पडली की आपल्याकडे एखाद्या मंत्र्याचा किंवा साखर कारखान्याच्या चेअरमनचा स्वीय साहाय्यक डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेत मात्र या दोन अक्षरांनी दवाखान्यातील एक व्यक्ती ओळखली जाते. तिचे पूर्ण नाव ‘फिजिशियन असिस्टंट’. ‘असिस्टंट’ या शब्दावरून हा आपल्या कंपाउंडरसारखा कोणी असावा असा समज होण्याचा संभव आहे. पण तो बरोबर नाही. हा पी. ए. रोग्याची हकीकत ऐकतो, त्याला तपासतो, रक्ताच्या व क्ष-किरणांच्या तपासण्या करावयास सांगतो, निदान करतो, औषध लिहून देतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनला टेबलापाशी मदत करतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली अथवा सहकार्याने त्याने किती स्वतंत्रपणे काम करावे, हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवितो. औषध लिहून देण्याचा अधिकार मात्र पन्नासही राज्यांनी त्याला दिलेला आहे. आज त्या देशात असे दीड लाखाहून अधिक प्रमाणित पी. ए. काम करीत आहेत. २०२१ साली त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘फिजिशियन असोसिएट’ असे नवे नाव स्वीकारले. काही राज्यांनी ते कायद्यातही आणले आहे. तथापि जुने नाव अजून रूढ असल्याने येथे तेच वापरले आहे.

या व्यवसायाचे शिक्षण आज पदव्युत्तर आहे आणि त्याच्या प्रवेशासाठी करावयाचा अर्ज हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. एक तर या शिक्षणासाठी अमुकच विषयात पदवी हवी अशी अट सर्वसाधारणपणे नसते. इतिहासाचा किंवा वाङ्मयाचा पदवीधरही, ठरावीक शास्त्रविषय पुरे केले असल्यास, अर्ज करू शकतो. दुसरे असे की, माणसाची योग्यता कागदावर कशी मोजावी, हा सर्वच शिक्षणापुढचा प्रश्न या एका अर्जात फार स्पष्टपणे दिसतो.

पूर्वपीठिका

अर्ज आज असा का आहे हे कळण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. उत्तर कॅरोलिना राज्यातील गार्लंड या लहान गावी डॉ. एमॉस जॉन्सन व्यवसाय करीत. त्यांनी बडी ट्रेडवेल नावाच्या आपल्या साहाय्यकाला स्वतःच्या हाताखाली असे तयार केले होते की, डॉक्टर परगावी गेले तरी दवाखान्याचे काम अडत नसे. ही गोष्ट ड्यूक विद्यापीठातील वैद्यकशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. यूजीन स्टेड यांच्या पाहण्यात आली. डॉक्टरांची संख्या अपुरी होती. खेड्यांत तर ते मिळतच नसत. स्टेड यांनी प्रथम अनुभवी परिचारिकांना वरच्या दर्जाचे शिक्षण देण्याचा प्रयत्न थेल्मा इंगल्स यांच्या साह्याने केला. परंतु परिचर्या-शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता नाकारली.

तेव्हा त्यांची दृष्टी नौदलातून सुटलेल्या वैद्यकीय सेवकांकडे वळली. जखमा बांधणे, टाके घालणे, रक्तस्राव थांबविणे ही कामे या मंडळींनी प्रत्यक्ष केलेली. पण मुलकी जीवनात त्या कौशल्याला काही किंमत नव्हती. १९६५ साली असे चार जण घेऊन ड्यूकमध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांतील तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. अमेरिकेत ६ ऑक्टोबरपासून पी. ए. सप्ताह पाळतात तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

या प्रारंभातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या चौघांची निवड झाली ती त्यांच्या पदवीवरून नव्हे. त्यांच्या हातांनी रोग्यांचे काम केले होते, हीच त्यांची पात्रता होती.

शिक्षणाचे स्वरूप

आज सुमारे तीनशे संस्थांत हा अभ्यासक्रम चालतो. त्याची मुदत साधारणपणे दोन ते अडीच वर्षे असते. पूर्वार्धात शरीररचना, शरीरक्रिया, रोगविज्ञान, औषधशास्त्र यांचा वर्गात अभ्यास. उत्तरार्धात रुग्णालयांतून व दवाखान्यांतून फिरतीचे काम. त्यात कुटुंबवैद्यक, अंतर्गत रोग, तातडीचे उपचार, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग व मानसिक आरोग्य हे विभाग येतात. शेवटी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा. तीत तीनशे प्रश्न, साठ-साठ प्रश्नांच्या पाच भागांत, प्रत्येकी एका तासात सोडवावे लागतात. ही परीक्षा मान्यताप्राप्त अमेरिकी अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यालाच देता येते. आपल्याकडील एम. बी. बी. एस. झालेला डॉक्टर त्या देशात गेला, तर त्यालाही हा अभ्यासक्रम केल्यावाचून पी. ए. होता येत नाही.

अर्ज कोठे व केव्हा

प्रत्येक संस्थेला वेगळा अर्ज पाठविण्याऐवजी बहुतेक संस्थांसाठी एकच मध्यवर्ती अर्ज भरावयाचा, ही पद्धत २००१ सालापासून चालू आहे. नवे चक्र दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस सुरू होते. पुष्कळ संस्था अर्ज येतील तसे ते पाहतात आणि मुलाखतीची बोलावणी पाठवीत जातात. कित्येक ठिकाणी पन्नास-साठ जागांसाठी हजाराहून अधिक अर्ज येतात. यामुळे अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी आलेला उत्तम अर्ज हा, जूनमध्ये आलेल्या तितक्याच उत्तम अर्जाच्या मागे पडू शकतो. परीक्षेचे फॉर्म शेवटच्या दिवशी विलंबशुल्कासह भरण्याची आपली रीत येथे उपयोगाची नाही.

गुणपत्रके

पहिले अंग गुणपत्रकांचे. शरीररचना व शरीरक्रिया, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे विषय बहुतेक ठिकाणी आधी झालेले लागतात. नेमके कोणते, हे प्रत्येक संस्थेचे निराळे असते. म्हणून यादी करून एकेक नियम ताडून पाहावा लागतो.

येथे एक बारकावा आहे. गुणांची सरासरी चारपैकी काढतात. समजा, एका विद्यार्थ्याला रसायनशास्त्रात ‘सी’ श्रेणी, म्हणजे २ गुण मिळाले. त्याने तोच विषय पुन्हा घेऊन ‘ए’ श्रेणी, म्हणजे ४ गुण मिळविले. त्याचे विद्यापीठ कदाचित जुना गुण पुसून फक्त ४ धरील. मध्यवर्ती अर्जात मात्र दोन्ही प्रयत्न मोजले जातात आणि त्या विषयापुरती सरासरी ३ होते. सुधारणेचे श्रेय मिळते, पण पूर्वीची नोंद राहतेच. काही संस्था याखेरीज जी. आर. ई. वा अन्य प्रवेश-परीक्षेचे गुणही मागतात.

अनुभवाचे तास

दुसरे अंग अनुभवाचे. हा अर्जाचा प्राण म्हटला तरी चालेल. यात तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. एका वॉर्डाचे उदाहरण घेऊ. जो रोग्याला उठवून बसवितो, त्याचा रक्तदाब मोजतो, जखम धुतो, त्याचा तो रोग्याच्या प्रत्यक्ष शुश्रूषेचा अनुभव. जो त्याच वॉर्डात जेवणाची ताटे पोचवितो किंवा नोंदणीच्या टेबलावर बसतो, त्याचा अनुभव आरोग्यसेवेचा खरा, पण शुश्रूषेचा नव्हे. आणि जो डॉक्टरच्या किंवा पी. ए.च्या मागे उभा राहून त्याचे काम नुसते पाहतो, त्याचे ते निरीक्षण. तिन्ही अर्जात वेगवेगळ्या रकान्यांत लिहावयाचे असतात आणि पहिल्याला सर्वाधिक वजन असते.

प्रत्यक्ष शुश्रूषेचे कोठे ५००, कोठे १,०००, कोठे २,००० तास मागतात. दोन हजार तास म्हणजे आठवड्याला ४० तासांप्रमाणे पन्नास आठवडे; जवळजवळ एका वर्षाची पूर्ण वेळ नोकरी. हे तास मिळविण्यासाठी विद्यार्थी प्रमाणित परिचर्या-साहाय्यक, रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञ, रक्ताचे नमुने घेणारा, वैद्यकीय साहाय्यक अशी कामे धरतात. परिचर्या-साहाय्यकासाठी केंद्रीय नियमाप्रमाणे किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते. काम कष्टाचे आणि पगार बेताचा. बेडपॅन उचलणे, म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळविणे, त्याची चादर बदलणे हीच त्यातली रोजची कामे. बड्या घरचा मुलगा असो की मोलकरणीची मुलगी असो, या कामात दोघांना एकाच पायरीवर उभे राहावे लागते. परंतु याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला घरी पैसे द्यावयाचे आहेत त्याला कमी पगाराचे हे वर्ष फार जड जाते. पुढे अभ्यासक्रमाची फी पुष्कळ ठिकाणी लाख डॉलरांच्या घरात जाते. शिक्षण चालू असताना नोकरी करणे जवळजवळ अशक्य असते.

निबंध व शिफारसपत्रे

तिसरे अंग निबंधाचे, आणि ते कलाशाखेच्या विद्यार्थ्याच्या विशेष परिचयाचे. पाच हजार अक्षरांच्या आत, मोकळ्या जागा धरून, एवढेच सांगावयाचे की तुम्हांला पी. ए. का व्हावयाचे आहे. मर्यादा लहान, म्हणून काम कठीण. “मला लहानपणापासून मानवतेची सेवा करण्याची तळमळ आहे” हे वाक्य कोणीही लिहू शकतो आणि पुष्कळ जण लिहितात. त्यावरून लिहिणाऱ्याविषयी काहीच कळत नाही. याउलट असे समजा की, एक उमेदवार लिहितो : “रात्रपाळीला एक आजोबा जेवण परत पाठवीत. नोंदवहीत ‘भूक नाही’ असे लिहिलेले होते. मी विचारले तेव्हा कळले की, त्यांची कवळी हिरडीला टोचत होती. मी ते नर्सबाईंना सांगितले.” येथे सेवा हा शब्द नाही, तळमळ हा शब्द नाही, तरी माणूस दिसतो. तो विचारतो, ऐकतो आणि आपल्या अधिकाराच्या पलीकडे न जाता योग्य व्यक्तीला सांगतो. पी. ए.च्या कामातही हेच लागते.

निबंधात आणखी एका प्रश्नाचे उत्तर यावे लागते. डॉक्टर का नाही, नर्स का नाही, पी. ए.च का? वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळणार नाही म्हणून इकडे आलो, असे उत्तर कोणी उघड लिहीत नाही, पण परीक्षकांना ते वासाने कळते. प्रामाणिक उत्तरे पुष्कळ आहेत. डॉक्टरीची चार वर्षे व त्यापुढील तीन ते सात वर्षांची उमेदवारी यांऐवजी लवकर कामाला लागता येते. शस्त्रक्रियेतून बालरोगाकडे जावयाचे झाले तर पुन्हा वर्षानुवर्षांची उमेदवारी करावी लागत नाही. आणि काही स्वभाव असे असतात की, अंतिम निर्णय एकट्याने घेण्यापेक्षा चौघांत मिळून काम करणे त्यांना आवडते.

शिफारसपत्रे अर्जात पाचपर्यंत जोडता येतात. मोठ्या हुद्द्याच्या माणसाने चार ओळींत केलेल्या स्तुतीपेक्षा, ज्याने उमेदवाराला वर्षभर काम करताना पाहिले आहे त्याचे पत्र अधिक मोलाचे ठरते. ओळखीच्या पुढाऱ्याचे पत्र आणण्याची कल्पना येथे सोडून द्यावी. यानंतर मुलाखत. काही ठिकाणी पाच-सात मिनिटांच्या अनेक छोट्या मुलाखती ओळीने घेतात. त्यांत सहकाऱ्याची चूक लक्षात आली तर काय कराल, असे नीतीचे प्रश्न असतात.

आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने

येथून थेट अर्ज करू पाहणाऱ्यापुढे अडचणी आहेत, त्या लपवू नयेत. काही संस्था फक्त नागरिकांना व कायम रहिवाशांना प्रवेश देतात. परदेशी गुणपत्रकांचे तेथील मान्य संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि आपली तीन वर्षांची पदवी तेथील चार वर्षांच्या पदवीइतकी सर्वत्र धरली जात नाही. कित्येक ठिकाणी शास्त्रविषय अमेरिकी महाविद्यालयातूनच केलेले लागतात. त्यामुळे ही वाट मुख्यतः तेथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुलामुलींची आहे.

भारतात हा अभ्यासक्रम १९९२ साली चेन्नईला, तेव्हाच्या मद्रासला, डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू केला. २०२१ साली संसदेने संमत केलेल्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात या व्यवसायाची नोंद आहे. येथील पदवीवर अमेरिकेत काम करता येत नाही हे खरे. पण खेड्यात डॉक्टर मिळत नाही हे दुःख गार्लंडचे होते तसे आपलेही आहे.

समारोप

२०२० नंतर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला पदव्युत्तर पदवीच द्यावी, असे मान्यता देणाऱ्या मंडळाने ठरविले आणि अभ्यासक्रमाची पातळी कायमची वर गेली. ज्ञान वाढले, औषधे वाढली, जबाबदारी वाढली. म्हणून हे झाले आणि ते पुष्कळअंशी योग्यच आहे. पण १९६५ सालचे ते नौदलाचे सेवक आज केवळ आपल्या हातच्या कामाच्या बळावर अर्ज करू लागले, तर पदवीच्या रकान्यापाशीच त्यांना थांबावे लागेल. ज्यांच्यासाठी दार उघडले त्यांच्याच उंचीवर आता उंबरठा चढला आहे.

अनुभवाच्या तासांचा रकाना हा त्या जुन्या दाराचा उरलेला भाग आहे. तो भरताना पुष्कळ विद्यार्थी त्याच्याकडे निव्वळ एक आकडा म्हणून पाहतात आणि दोन हजार पुरे झाले की सुटलो म्हणतात. वस्तुतः गुणपत्रक, निबंध, शिफारसपत्र आणि मुलाखत या चारही अंगांना आशय पुरवितो तो हाच रकाना. ज्याने ते तास डोळे उघडे ठेवून घालविले त्याला निबंधासाठी विषय शोधावा लागत नाही आणि मुलाखतीत उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. आपल्यापैकी कोणी या व्यवसायाकडे वळो वा न वळो, पुढे कोणत्याही कामासाठी अर्ज लिहिताना आधी हा रकाना भरण्याजोगे काही आपण केले आहे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.